अडीच तास पुढचं घड्याळ

नंगनल्लूर, चेन्नई
११ ऑगस्ट २०२५

सुनीती,

पत्राच्या डोक्यावर ‘अनेक आशीर्वाद’ लिहायची माझी सवय तुला ठाऊक आहे. पण तू ते घेशील की नाही याची खात्री नाही आणि परत आलेले आशीर्वाद ठेवायचे कुठे, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

फोन न करता पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. फोन वाजत राहतो आणि पलीकडचं माणूस उचलत नाही, हे ऐकू येतं. पत्राचं तसं नाही. तू हे न फोडता टाकून दिलंस तरी मी इथं खुशाल समजू शकतो की तू वाचते आहेस. पत्ता तुझ्या मामीकडून घेतला. चारुलतावर रागावू नकोस. मी तिच्या स्वयंपाकघरात अर्धा तास ठाण मांडून बसलो होतो, तिची फोडणी खोळंबली होती, शेवटी कंटाळून तिनं लिहून दिला.

विशेष काही नाही. एक आकडा सांगायचा होता. आपला मीनंबाक्कमचा विमानतळ ते तुझा टोरंटोचा विमानतळ हे अंतर तेरा हजार तीनशे त्र्याऐंशी किलोमीटर आहे. तुझ्या शाळेतला पृथ्वीचा गोल मी माळ्यावरून काढला आणि आईचा गजरे बांधायचा दोरा त्यावर ताणून मोजलं. मला वाटलं होतं दोरा अरबस्तानावरून, युरोपावरून जाईल. छे! तो सरळ वर चढला. पंजाब, रशिया, बर्फाचा समुद्र, ग्रीनलंड, आणि वरून खाली तुझ्याकडे. दोऱ्यानं तेरा हजार दोनशे दाखवले. मग चारुलतानं फोनवर बघून खरा आकडा सांगितला. म्हणजे मी एकशे त्र्याऐंशी किलोमीटरनं चुकलो, इथून विल्लुपुरमच्याही थोडं पुढंपर्यंत. गोलावरचा रंग तिथं उडालाय, त्यामुळे तुझं गाव नेमकं कुठं ते अंदाजानंच धरलं होतं.

ताशी नऊशे धरले तर चौदा तास बावन्न मिनिटं. पण इतकं सरळ कुणी नेत नाही. मधे कुठंतरी उतरायचं, बसायचं, पुन्हा चढायचं. बावीस ते चोवीस तास. चौतीस वर्षं रेल्वेची वेळापत्रकं केलेल्या माणसाला सरळ रेषेचं कौतुक नसतं. गाडी रुळांवरून जाते. तरी दोरा ताणून बघितला खरा.

माझी तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो. त्या गुरुवारी… राहू दे. अंतर कळवायचं होतं, कळवलं.

बाबा


२ सप्टेंबर २०२५

सुनीती,

पोस्टातल्या बाई म्हणाल्या, कॅनडाला साधं पत्र एकोणीस-वीस दिवस घेतं. म्हणजे पहिलं तुला परवा-तेरवा मिळालं असेल. उत्तराची वाट बघत नाही. हे वाक्य लिहिलं आणि खोटं वाटलं, पण खोडत नाही, नाहीतर पत्र घाणेरडं दिसतं.

तुझ्याकडचा आणि आपल्याकडचा फरक साडेनऊ तासांचा, बाराही महिने. इथं संध्याकाळचे साडेपाच म्हणजे तुझ्याकडे सकाळचे आठ. मी रोज साडेपाचला गच्चीवर जातो. तू त्या वेळी बुटांच्या नाड्या बांधत असशील, डबा विसरत असशील. ओरगडमच्या कारखान्यात होतीस तेव्हाही कंपनीची बस कोपऱ्यावर हॉर्न वाजवायची आणि आई डबा घेऊन जिन्यावरून धावायची. आता डबा कोण आणून देतं?

गच्चीवरून विमानं दिसतात. तू लहान होतीस तेव्हापेक्षा आता दुप्पट झालीत. बोलता बोलता वरून गेलं की वाक्य तोंडातच धरून थांबायचं, ही नंगनल्लूरची रीतच. तुझी आई तर थांबायचीही नाही, विमानाच्या वरचढ आवाजात बोलायची. ती तंजावरची असून आवाज मात्र आमच्या मिरजेकडचा. मी तिला पाच-चाळीसची गाडी असली की पाचची सांगायचो, कारण शेवटच्या टप्प्यात राखीव वेळ घालायची आम्हांला खोड. वेळापत्रकात शेवटच्या दोन स्टेशनांमध्ये आम्ही पंधरा-वीस मिनिटं जास्तीची धरतो, म्हणजे उशिरा आलेली गाडीही वेळेवर पोचल्यासारखी दिसते. तिला ते ठाऊक होतं. ती बरोबर पाच-अडतीसला फलाटावर यायची आणि म्हणायची, “कां हो, तुमची पाचची गाडी अझून उभीच की?” बाकी सगळ्याला ती ‘अस्कं’ म्हणायची, माहेरची बोली. लग्नानंतर वर्षभर मला ते अर्धंच कळायचं, आणि आता घरात कुणी अस्कं म्हणत नाही तर कान दुखतात.

तिचं घड्याळ तू पाहिलं असशील. स्वयंपाकघरात गॅसच्या वर टांगलेलं, पांढऱ्या तबकडीचं. तू गेल्यावर तिनं पांडी बझारमधून आणलं. जन्मात कधी बरोबर चाललं नाही. मी पाच वाजता चहाला जावं तर ते साडेसात दाखवायचं. बरोबर लावावं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा अडीच तास पुढं. गंमत म्हणजे दिवाळीनंतर ते दीडच तास पुढं असायचं आणि उन्हाळा आला की पुन्हा अडीच. मी म्हणायचो, हवेतल्या दमटपणामुळे. दुरुस्तीला देतो म्हटलं तर ती म्हणायची, “नोको, असूं दे. मज चालतं.” वेळापत्रकवाल्याच्या घरात चुकीचं घड्याळ. ऑफिसातल्या कुणाला मी कधी स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही.

आणखी दोन गोष्टी. एक, तू पहिल्यांदा निघालीस त्या पहाटे मी विमानतळावर आलो नाही. दहा मिनिटांचा रस्ता, तरी नाही आलो. तुला वाटलं, मी झोपलो होतो. मी गच्चीवर होतो. एकामागून एक तीन विमानं गेली, तुझं कुठलं ते कळेना, म्हणून तिन्हींकडे बघितलं.

दोन, मुरलीमामाशी बोलत जा. तो तुला “आम्ही थांबतो, तू ये” म्हणाला होता आणि तसं झालं नाही, यात त्याचा दोष नाही. कुणाचा, ते या पत्रात लिहिणार नाही.

पासपोर्ट काढलाय. सहज.

बाबा


२३ सप्टेंबर २०२५

सुनीती,

आज दुपारी चारुलता फोन हातात घेऊन आली, चप्पलही काढली नाही. “भावजी, सुनूचा मेसेज आला पा,” म्हणाली, आणि वाचून दाखवला. मी तिला चार वेळा वाचायला लावला. शेवटी तिनं कागदावर उतरवून दिला. तो समोर ठेवलाय: ‘बाबांना सांग, फरक बाराही महिने साडेनऊ नसतो. दोन नोव्हेंबरला आमची घड्याळं एक तास मागं जातात. मग साडेदहा होतो. मार्चमध्ये पुन्हा साडेनऊ.’

दोन वर्षं दोन महिन्यांनी तू मला काहीतरी सांगितलंस, आणि काय, तर माझी चूक! अगदी माझ्यावर गेली आहेस. मला इतका आनंद झाला की चारुलताला चहा करून देतो म्हटलं आणि साखरेऐवजी मीठ घातलं. बिचारीनं अर्धा कप प्यायला.

आधी घड्याळ मागं घेणाऱ्या सरकारवर मी थोडा चिडलो. आमच्याकडे कन्याकुमारीपासून दिब्रुगडपर्यंत एकच वेळ. चार हजारांवर किलोमीटरची गाडी, चौथ्या दिवशी पोचते, पण तिच्या वेळापत्रकात पहिल्या स्टेशनापासून शेवटच्यापर्यंत एकच घड्याळ. तेच आमचं शिक्षण. सूर्य कुठं उगवो, कागदावर वेळ एकच.

चारुलता गेल्यावर मी कप विसळायला आत गेलो आणि गॅससमोर उभा राहिलो.

दिवाळीनंतर दीड, उन्हाळ्यात अडीच.

सुनू, मी बोटांवर मोजायला लागलो. तिथंच ओट्याशी, फरशीवर बसून. साडेनऊ तास मागं असलेलं घड्याळ तबकडीवर अडीच तास पुढंच दिसतं. इथं संध्याकाळचे पाच, तिथं सकाळचे साडेसात. आणि तुमची घड्याळं मागं गेली की दीड. ते घड्याळ कधी बिघडलं नव्हतं. ते तुझं घड्याळ होतं. तिनं टोरंटोची वेळ लावून ठेवली होती, म्हणजे तू कधी उठतेस, कधी जेवतेस, तुला फोन कधी करायचा, ते फोडणी देता देता कळावं.

मला सांगितलं नाही, कारण तू माझं न ऐकता गेलीस तेव्हापासून या घरात तुझं नाव काढायचं नाही असं मीच ठरवलं होतं. चार वर्षं ती बाई माझ्यासमोर तुझ्या वेळेत स्वयंपाक करत होती आणि मी ते घड्याळ काढून बरोबर करत होतो! तीस-चाळीस वेळा तरी लावलं असेल. एकदाही ती भांडली नाही. मी गेलो की स्टुलावर चढून पुन्हा पुढं लावायची. तिचा गुडघा माझ्यापेक्षा वाईट होता.

आज आणखी लिहवत नाही. पुढचं मला सांगायचंच आहे, आणि तेच अवघड आहे.

बाबा


२९ सप्टेंबर २०२५

सुनीती,

तीन पत्रं लिहिली, तिन्ही फाडली. एकात मी हवेला दोष दिला, एकात भटजींना. तिसरं बरं होतं, पण त्यात मी फारच चांगला माणूस दिसत होतो.

बाबा


६ ऑक्टोबर २०२५

सुनू,

हे पत्र एका बैठकीत लिहितो आहे आणि पुन्हा वाचणार नाही. वाचलं तर टाकणार नाही.

आई मंगळवारी गेली, ११ जुलै २०२३, संध्याकाळी चार-चाळीसला. तू त्याच दिवशी तुझ्याकडच्या संध्याकाळी तिकीट काढलंस आणि त्याचा फोटो मुरलीला पाठवलास, मला नाही. बरोबरच होतं, आपण बोलत नव्हतो. मुरली फोन घेऊन माझ्याकडे आला. “भावजी, तुम्हीच पाहा. टायमिंगचं अस्कं तुम्हांस येतं, मज काय कळतं?” त्यानं मान खाली घातली होती, रडत होता. मी चष्मा लावला.

टोरंटोहून सुटणार ११ जुलै, बावीस-दहा. लंडनला बदल. चेन्नईला पोचणार १३ जुलै, शून्य आठ-शून्य पाच.

चौतीस वर्षं मी अशाच ओळी वाचल्या. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, दोन्ही एकाच घड्याळात. माझ्या डोळ्यांना दुसरं काही ठाऊकच नाही. मला वाटलं, टोरंटोचं तिकीट म्हणजे टोरंटोचीच वेळ, दोन्हीकडे. तू पोचशील तेव्हा तुझ्या घड्याळात सकाळचे आठ-पाच असतील, त्यात साडेनऊ मिळवले की आपल्याकडे संध्याकाळचे पाच-पस्तीस. मधली वजाबाकी केली तर प्रवास तेहतीस तास पंचावन्न मिनिटांचा येत होता. जरा जास्त वाटला. लंडनला बसवून ठेवत असतील म्हटलं. विमानाच्या तिकिटावर पोचण्याची वेळ त्या-त्या गावची असते, हे लहान पोराला कळतं. मला कळलं नाही. मी भिंतीवरच्या रोज फाडायच्या कॅलेंडरवर, गुरुवारच्या पानावर, लाल अक्षरांखाली लिहून ठेवलं: ‘सुनीती १७.३५’. मग कुणीच पुन्हा तिकीट बघितलं नाही. मी वाचलंय म्हटल्यावर कोण बघणार?

आईला आम्ही काचेच्या गार पेटीत ठेवलं होतं. तुझ्यासाठीच ठेवलं होतं, हे खरं आहे. बुधवार तसाच काढला. पेटीची मोटर घुरघुरत होती. मी बाजूला खुर्ची टाकून बसलो होतो.

गुरुवारी पहाटे पाचला वीज गेली. ट्रान्सफॉर्मर बघून आलेले सांगत होते, दुपारपर्यंत येत नाही. मोटर थांबली. थोड्या वेळानं काचेला आतून पाणी सुटलं. तिचा चेहरा दिसेना. मी पंच्यानं काच पुसली, पण पाणी आतून होतं, पुसलं जात नव्हतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मुरली म्हणाला, “भावजी, पोरीस शब्द दिलाय पा. थांबूं.” मी मनात हिशेब केला. पाच-पस्तीसला उतरणार, पासपोर्ट, सामान, घरी यायला सात. सूर्यास्त सहा-अडतीस. म्हणजे शुक्रवारवर जाणार. मी म्हणालो, नाही. तिला असं ठेवायचं नाही. साडेसातला निघू.

साडेसातला निघालो. तुझं विमान आठ-पाचला उतरलं, अगदी वेळेवर.

तू घरी आलीस नऊ-चाळीसला, असं चारुलता सांगते. घर धुऊन काढलेलं, पेटी भिंतीला उभी करून ठेवलेली. मी सव्वादहाला परत आलो, अंगावर ओला पंचा. तू पायरीवर बसली होतीस, बॅग मांडीवर. तू विचारलंस, “दोन तास थांबता आलं नसतं का, बाबा?”

तुला दारात बघितलं त्याच क्षणी मला सगळं कळलं. आठ-पाच हे आपलेच आठ-पाच. दोन तास! दोन तास मी बर्फाच्या लाद्या आणून, पंख्यानं वारा घालून, कसेही काढले असते गं. चौदा तास काढता येत नव्हते. दोन तास आरामात काढले असते.

आणि मी काय म्हणालो? म्हणालो, “चार वर्षांपूर्वी जाण्याआधी तुला तीन महिने थांब म्हटलं होतं. थांबलीस?”

तुला वाटलं, मी रागानं थांबलो नाही. सूड घेतला. मी तसं वाटू दिलं. का, ते आता लिहितो, आणि लिहिताना लाज वाटते. माझं वेळ वाचण्यात चुकलं, हे अंगणात वीस माणसांपुढं म्हणण्यापेक्षा, मी दुष्ट आहे असं तुला वाटणं मला सोपं गेलं. माझ्याकडे तेवढंच एक होतं, सुनू. गाणं नाही, बोलणं नाही, पैसाअडका नाही. मिनिट चुकत नाही एवढंच होतं. ते वाचवायला मी मुलगी घालवली.

तिसऱ्या दिवशी अस्थी समुद्रात सोडल्यावर तू बॅग उचललीस आणि मी “जपून जा” एवढंही म्हणालो नाही. मुरलीला सगळं ठाऊक आहे. त्यानं कॅलेंडरवरचा आकडा बघितला होता. आजवर मला एका शब्दानं बोलला नाही. तुझा राग मात्र स्वतःच्या अंगावर घेतला.

आणि ते घड्याळ. आई नऊ दिवस दवाखान्यात होती. दुसऱ्याच दिवशी मी चहा करायला गेलो आणि सवयीनं ते बरोबर लावलं. या वेळी पुन्हा पुढं लावायला कुणी नव्हतं. त्या गुरुवारी पहाटे, निघायचं ठरवायच्या आधी, मी आत जाऊन त्याच्याकडे बघितलं. माझ्या मनगटावरचं आणि ते, दोन्ही एकच वेळ दाखवत होती. मला बरं वाटलं होतं, की निदान घड्याळं तरी जुळली.

गुरुवारचं ते पान मी फाडून जपून ठेवलं होतं. सोबत पाठवतो. अक्षर माझंच आहे, तू ओळखशील. माफ कर असं लिहायला हात धजत नाही. चूक माझी होती, रागाची नव्हती, एवढं तुला कळावं. मी तुझ्यावर इतका कधीच रागावलो नव्हतो.

बाबा


५ नोव्हेंबर २०२५

सुनू,

आज मोकळा श्वास घेऊन लिहितो आहे.

पान पाठवल्यावर महिना कसा गेला ते विचारू नकोस. एकोणीस दिवस पत्राचे, मग तुझा राग यायचे किती दिवस धरायचे, याचं कोष्टक माझ्याकडे नव्हतं. चारुलताच्या घरी इतक्या वेळा गेलो की मुरली म्हणाला, “भावजी, इथंच राहा की, उगाच चप्पल झिजवतांत.” त्या महिन्यातच मी तिकीट काढून टाकलं, आणि चारुलतानं ते तुला कळवलं. तू नको म्हणालीस तर विमानतळावरूनच परत फिरायचं, पण एकदा ते तेरा हजार किलोमीटर ओलांडायचे, असं ठरवलं. व्हिसाच्या कचेरीत बाईंनी विचारलं, प्रवासाचं कारण? मी म्हणालो, मुलगी. ती म्हणाली, मुलीला भेटणं असं लिहू? मी म्हणालो, भेटेल की नाही ठाऊक नाही, नुसतं मुलगी लिहा. तिनं बिचारीनं ‘भेट’ असंच लिहिलं.

आणि सोमवारी, तीन तारखेला, तुझा मेसेज आला. चारुलतानं या वेळी कागदावर आधी उतरवला आणि मगच आली. दोन ओळी: ‘तिकिटाचा फोटो मला पाठवायला सांग. वेळ मी वाचते.’

मी इतका हसलो, सुनू. चारुलता घाबरली. दोन वर्षांत मी या घरात मोठ्यानं हसलो नव्हतो. मग हसण्याचं दुसरंच काहीतरी झालं आणि ती मला पाणी द्यायला उठली.

फोटो तिनं पाठवलाय, तू बघितलाही असशील. तरी मी लिहितो, कारण न लिहिता मला चैन पडणार नाही. गुरुवार, ४ डिसेंबर. मीनंबाक्कमहून सुटणार पहाटे चार-पन्नास, आपली वेळ. टोरंटोला उतरणार त्याच गुरुवारी संध्याकाळी चार-वीस, तुझी वेळ. मधे आखातात एक बदल. वजाबाकी करायची नाही, हे आता कळलं, आधी साडेदहा मिळवायचे. बावीस तास. मुरलीनं तपासलं, चारुलतानं तपासलं, पोस्टातल्या बाईंनाही दाखवलं. त्या म्हणाल्या, आजोबा, तिकिटावर छापलंय तेच खरं असतं. मी म्हणालो, आमच्याकडे ते शिकायला एक माणूस दुरावलं.

हे पत्र तुला चोवीस-पंचवीस तारखेला मिळेल. माझ्या नऊ-दहा दिवस आधी.

तो गुरुवार माझ्यासाठी साडेचौतीस तासांचा असणार. इथं बारा वाजता सुरू होईल आणि तुझ्याकडे बारा वाजल्याशिवाय संपणार नाही. मला गुरुवारची भीती बसली होती. दर आठवड्याला तो आला की मी आठ-पाच वाजेपर्यंत घरात फेऱ्या घालायचो. या वेळी तो जितका लांबेल तितका बरा.

सामानात फारसं काही नाही. चारुलतानं आमटीचा मसाला केलाय, तुझ्या आईच्या हातचाच वास येतो, मी डबा उघडून दोनदा बघितला. गुडघ्याचा पट्टा. आणि ते घड्याळ. त्यातला सेल मी मागंच काढून टीव्हीच्या रिमोटला घातला होता. काल नवा घातला. स्टुलावर चढलो. गुडघा दुखला, पण तिचा जास्त दुखत असणार. तुमची घड्याळं रविवारी मागं गेली, म्हणून आता दीड तास पुढं लावलं. आत्ता इथं संध्याकाळचे सहा वाजलेत आणि ते साडेसात दाखवतंय. तू उठलीस का? आई रोज एवढं बघायची आणि तिला पुरायचं. मला पुरत नाही.

तुझ्या स्वयंपाकघरात ते टांगायला जागा असली तर टांग. तिथं कुठली वेळ लावायची ते तू ठरव. मी हात लावणार नाही.

आता शेवटचं, आणि मग हे पाकीट बंद करतो. विमानं लेट होतात. बर्फ पडतो म्हणे तुझ्याकडे डिसेंबरात. पासपोर्टापाशी मी म्हातारा माणूस अडखळेन, सामानाच्या पट्ट्यावर माझी बॅग कुणी उचलेल, दार चुकेन. मी शेवटच्या टप्प्यात राखीव वेळ धरलेली नाही, या वेळी तिकिटावर जे आहे तेच सांगितलंय. तू चार-वीसला येशील आणि मी दिसणार नाही. पाच होतील, सहा होतील. तुला वाटेल, जावं.

मी नव्हतो थांबलो. तू थांब. दोन तास थांब, सुनू.

बाबा